हात वर केले बत्तीस जणांनी, लिहिलं दोघांनी

पत्र, थोडक्यात: मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमचं ग्रंथालय 'कोहा' या मुक्त संगणकप्रणालीवर चालतं. कोहा वापरणाऱ्या मराठी ग्रंथपालांचा तीनशेच्या आसपास सदस्यांचा व्हॉट्सॲप गट मी सांभाळते. तेच ते प्रश्न रोज येतात, म्हणून गेल्या वर्षी एका कार्यशाळेत ठरलं की सगळ्यांनी मिळून मराठीत हस्तपुस्तिका लिहायची. बत्तीस जणांनी हात वर केले. मी अठरा प्रकरणांची अनुक्रमणिका केली, प्रकरणं वाटून दिली, नमुना आणि मुदतही दिली. आठ महिन्यांनी दोनच प्रकरणं हातात आहेत. एक माझं, दुसरं इंग्रजी मॅन्युअलचं जसंच्या तसं भाषांतर. बाकीच्यांना आठवण केली की 'ॲडमिशन चालू आहेत', 'नॅक आहे' (महाविद्यालयाचं मूल्यांकन). गटातले सर्वांत जाणकार सर रोज रात्री व्हॉइस नोटवर सगळ्यांना उत्तरं देतात, पण लिहायचं म्हटलं की नाही म्हणतात. दुसरे एक ज्येष्ठ विचारतात, पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा अधिकृत क्रमांक) मिळणार का आणि संपादक म्हणून नाव कुणाचं जाणार. कोहा बसवून देणारा एक सेवा पुरवठादार म्हणतो, आम्ही लिहून देतो. मला आता वीट आलाय. लोकांना मदत फुकट हवी, द्यायला नको. एकटीने लिहून टाकू, पैसे देऊन करून घेऊ, की नाद सोडू?

नमस्कार मॅडम,

'लोकांना द्यायला नको' असं तुम्ही लिहिलंत. पण त्याच पत्रात एक सर आहेत, जे दिवसभराची नोकरी करून रात्री दहा वाजता अनोळखी माणसांना फुकट उत्तरं देतात. तीनशे जणांचा गट टिकून आहे, म्हणजे प्रश्न विचारला की कुणी ना कुणी उत्तर देतंच. देणं चालूच आहे. तुम्ही ते प्रकरणाच्या मापात मागितलंत आणि त्या मापात ते येईना, म्हणून तुम्हाला ते दिसेनासं झालंय.

त्या बत्तीस हातांचं काय झालं असेल बघा. कार्यशाळेचं शेवटचं सत्र, जेवण झालेलं, प्रमाणपत्रं टेबलावर रचून ठेवलेली. व्यासपीठावरून विचारलं, 'कोण कोण लिहिणार?' अशा वेळी हात खाली ठेवणं जड जातं. वर गेलेल्या हाताचा अर्थ 'कल्पना चांगली आहे' एवढाच असतो. पुढच्या आठवड्यात त्या माणसाला निरोप जातो: 'प्रकरण सातवं, नियतकालिकांचं व्यवस्थापन.' त्याच्या ग्रंथालयात मोजकी मासिकं येतात, ती तो रजिस्टरमध्ये चढवतो, कोहाचा तो विभाग त्याने उघडलेलाही नसतो. मग तो काय करणार? एक तर गप्प बसणार, नाही तर इंग्रजी मॅन्युअल उघडून भाषांतर करणार. तुमच्या हातातलं दुसरं प्रकरण असंच आलं असावं. त्या माणसावर रागावू नका. निदान त्याने दिलेला शब्द पाळला.

अनुक्रमणिका आधी, लेखक नंतर, ही रचना संपादित ग्रंथाची आहे. तिथे प्रत्येक जण आपल्या विषयातला जाणकार असतो आणि त्या कामाचं श्रेय किंवा मानधन ठरलेलं असतं. स्वयंसेवकांच्या कामात ही रचना अनेकदा अडखळते. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, त्याच मंडळींनी न्यूपिडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला होता. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि तपासणीचे सात टप्पे पार करायचे. पहिल्या वर्षात मंजूर झाले वीसेक लेख. जानेवारी २००१ मध्ये जोडीला विकिपीडिया उघडला, कुणीही यावं आणि जमेल तेवढं लिहावं असा, आणि मूळ प्रकल्प काही वर्षांत बंद पडला. हे उदाहरण मी अर्धंच घेणार आहे, कारण ज्ञानकोशातल्या चुकीने कुणाचा सर्व्हर बसत नाही आणि तुमच्या पुस्तिकेतल्या चुकीने बसू शकतो. त्याबद्दल पुढे.

त्याआधी पुस्तिकेच्याच कल्पनेबद्दल बोलू. कोहाचं इंग्रजी मॅन्युअल आहे, तेही स्वयंसेवकांनीच लिहिलेलं आणि बरंच सविस्तर. प्रत्येक विभाग, प्रत्येक पडदा त्यात आहे. कोहाची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये, आणि मॅन्युअल तिच्यामागे धावत असतं. बारकोडची लेबलं छापायची सोय पूर्वी 'टूल्स'मध्ये होती, ती आता 'कॅटलॉगिंग'मध्ये गेलीय. अठरा प्रकरणांचं मराठी पुस्तक लिहून, तपासून, छापून होईपर्यंत त्यातले निम्मे रस्ते बदललेले असतील. ज्यांना भाषांतरच करायचंय त्यांना कोहाच्या अधिकृत भाषांतराच्या ठिकाणी पाठवा. वेबलेट नावाच्या साधनावर एकेक वाक्य घेऊन ते काम करता येतं, आणि केलेलं जगभरच्या मराठी वापरणाऱ्यांना मिळतं. तुमच्या गटाची ताकद त्यात घालवू नका.

गटाने लिहायचं ते त्या मॅन्युअलमध्ये नसलेलं. देवनागरीत 'पाणी' शोधलं तर पुस्तक सापडत नाही, कारण कोहातलं झेब्रा हे शोधयंत्र अक्षरांच्या ठरावीक तक्त्याच्या जुन्या पद्धतीवर आहे, ते युनिकोड समजणाऱ्या आयसीयू पद्धतीवर नेऊन सगळी अनुक्रमणी (इंडेक्स) पुन्हा बांधावी लागते. जुन्या नोंदी कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत आहेत, त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. दाखल नोंदवहीतला क्रमांक आणि बारकोड एकच ठेवायचा की वेगळा? नॅकच्या भेटीआधी पाच वर्षांची देवघेव कुठल्या अहवालातून काढायची? हे न्यूझीलंडच्या माणसाला सुचणार नाही. कोहाचा जन्म तिकडचा, १९९९ सालचा, होरोव्हेनुआ नावाच्या जिल्ह्याच्या ग्रंथालयासाठी झालेला. त्यांचे प्रश्न त्यांनी सोडवले, आपले आपल्यालाच लिहावे लागतील.

असं एक पान कसं दिसेल ते दाखवतो. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुमच्या गटात हा प्रश्न येत असणार: 'दिवाळीच्या सुट्टीचाही दंड लागलाय, विद्यार्थी भांडतात, काय करू?' पानाचं नाव हेच ठेवा, विचारणाऱ्याच्या तोंडचं. 'दंड व कालगणना व्यवस्थापन' असं नाव दिलंत तर शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. खाली दोन ओळींत कारण: कोहाला तुमची सुट्टी माहीत नाही, आणि माहीत असली तरी ती दंडातून वगळायला सांगितलेलं नाही. मग कृती. टूल्समधलं कॅलेंडर उघडा, आपलं ग्रंथालय निवडा, सुट्टीच्या पहिल्या तारखेवर क्लिक करा, सलग दिवसांच्या सुट्टीचा पर्याय घेऊन शेवटची तारीख भरा, साठवा. नंतर सिस्टिम प्रेफरन्समध्ये 'फाइन्सकॅलेंडर' शोधा आणि बंद दिवस सोडून दंड मोजायचा पर्याय निवडा. एक इशारा: परत आलेल्या पुस्तकांवर आधीच लागलेला दंड यामुळे जात नाही, तो प्रत्येक सभासदाच्या खात्यात जाऊन माफ करावा लागतो. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची: कोहाच्या कुठल्या आवृत्तीवर, कोणत्या महिन्यात, कुणी करून पाहिलं.

झालं पान. फार तर दीडशे-दोनशे शब्द. बटणांची नावं पडद्यावर दिसतात तशीच ठेवा, नाही तर वाचणारा मेनूत ती शोधत बसेल. अशी चाळीस पानं झाली की गटातला बराच ओघ थांबेल.

चाळीस प्रश्न कुठून आणायचे? ते तुमच्या फोनमध्ये पडलेत. व्हॉट्सॲपवर चॅट एक्स्पोर्ट करायची सोय आहे. गेल्या काही महिन्यांचं संभाषण काढा, आधी नावं आणि फोन नंबर पुसा, आणि दोनदापेक्षा जास्त वेळा आलेले प्रश्न वेगळे करा. हे काम एका संध्याकाळी होतं, आणि मला विचाराल तर अनुक्रमणिका करण्यापेक्षा मजेचं आहे.

आता माणसं. प्रकरणं वाटण्याऐवजी स्वभाव ओळखून कामं द्या. व्हॉइस नोटवाल्या सरांना लिहायला सांगणं कायमचं सोडा. ज्ञानेश्वरांनाही लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. सरांच्या जोडीला असा एक लेखनिक द्या, शक्यतो नुकताच नोकरीला लागलेला, ज्याला शिकायचंय. सरांची व्हॉइस नोट आली की त्याने त्याचं पान करायचं आणि सरांना एकच विचारायचं: 'यात काही चुकलंय का?' कोऱ्या कागदासमोर अवघडणारा माणूस दुसऱ्याच्या चुकीवर तावातावाने बोलतो, आणि इथे तुम्हाला तेच हवंय.

ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडूनही काम घ्या, न लाजता. उत्तर मिळून त्याचं काम झालं की त्याला म्हणा, 'आता काय केलंत ते पाच ओळींत टाका.' अडचण ताजी असते, कुठे अडकलो ते आठवत असतं. जाणकार माणूस नेमकी तीच पायरी गाळतो, कारण त्याच्या हाताला ती सवयीची झालेली असते. सगळे लिहिणार नाहीत. चार जणांतल्या एकाने लिहिलं तरी पुष्कळ.

आणि प्रत्येक गटात एक शुद्धलेखनवाले असतात, ऱ्हस्व-दीर्घावरून लोकांना हैराण करणारे. त्यांना संपादनाचा मान द्या, पण अट घाला: मजकूर आधी वर जाणार, दुरुस्ती नंतर. शुद्धलेखनाच्या धाकाने ज्यांनी पेन उचललं नाही असे लोक तुमच्या बत्तिसात नक्की असतील.

मघाशी म्हटलं ते सर्व्हरचं. पानांचे दोन ढीग करा. ब्राउझरमध्ये क्लिक करून होणारी कामं एका बाजूला. ती कुणीही लिहावीत, चूक झाली तर दुसरा सुधारेल. सर्व्हरवर कमांड देऊन करायची कामं, म्हणजे आवृत्ती बदलणं, बॅकअप घेणं आणि परत भरणं, झेब्राची अनुक्रमणी बांधणं, दुसऱ्या बाजूला. या ढिगातलं एकही पान दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या यंत्रावर करून पाहिल्याशिवाय गटात जाऊ देऊ नका. इथे न्यूपिडियाचा कडकपणा हवाच. तपासणीसाठी चालू ग्रंथालय वापरायची गरज नाही. एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स आणि कोहा टाकलं की भागतं. सात टप्पे नकोत, पण चार डोळे हवेत. शिवाय सेटिंगची फाइल आहे तशी चिकटवायची लोकांना सवय असते. कोहाच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. पडद्याच्या चित्रांमध्ये विद्यार्थ्यांची नावं, पत्ते, मोबाइल दिसतात. चित्रासाठी एक खोटा सभासद तयार ठेवा आणि चित्रं कमीच वापरा. नव्या आवृत्तीत आधी शिळी होतात ती चित्रंच.

घरी बसून लोक लिहीत नाहीत, हे तुम्ही अनुभवलंच आहे. ॲडमिशनचा जून-जुलै, परीक्षांची ड्यूटी, नॅकची धावपळ. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाला मदतनीस नाही, पुस्तक देणारा तोच आणि फॅन दुरुस्त करून घेणाराही तोच. ही कारणं खरी आहेत, ती बहाणे समजू नका. म्हणून लेखन घरी पाठवू नका, एका दिवसात उरका. मुक्त प्रणालींच्या जगात याला बुक स्प्रिंट म्हणतात. मुक्त प्रणालींची मॅन्युअलं लिहिणाऱ्या 'फ्लॉस मॅन्युअल्स'च्या मंडळींनी काही दिवस एका खोलीत बसून अशी आख्खी पुस्तकं लिहिलीत. तुम्हाला एक संगणक कक्ष, बारा-पंधरा माणसं आणि एक रविवार पुरे. जोड्या लावा, एक जाणकार आणि एक नवखा. माउस नवख्याच्या हातात, जाणकाराने फक्त तोंडी सांगायचं, हात लावायचा नाही. नवखा जिथे थबकेल तिथे पानात एक ओळ वाढवायची. पाच वाजता जेवढी पानं झाली तेवढी झाली, उरलेलं घरी न्यायचं नाही. 'घरी जाऊन पूर्ण करतो' म्हणणाऱ्याचं पान काढून दुसऱ्या जोडीला द्या, हसत हसत.

कुठे लिहायचं, यावर वेळ दवडू नका. लोकांना गूगल डॉक्स येतं तर तेच वापरा, वर एक अनुक्रमणिका ठेवा. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ती प्रणाली, सांभाळणारा कुणी मिळाला तर उत्तम. गिट वगैरे प्रोग्रामरांची साधनं तुमच्या गटासाठी नाहीत. फक्त चावी एकाच हातात नको, तुमच्या तर नकोच. २००८ मध्ये जेंटू लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेला एक मोठा विकी सर्व्हरवरची माहिती नष्ट झाल्याने गेला. बॅकअप नव्हता, आणि लोकांना सर्च इंजिनांच्या साठवलेल्या प्रतींतून तुकडे वेचावे लागले. महिन्यातून एकदा सगळ्या पानांची प्रत दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या दोन माणसांकडे गेली पाहिजे.

परवाना पहिल्या पानाआधी ठरवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या आणि तसंच वाटा' हा तुम्हाला चालेल. भाषांतरित प्रकरण मात्र यात मिसळू नका, कारण कोहाचं मॅन्युअल जीपीएल या वेगळ्या अटींच्या मुक्त परवान्याखाली आहे. ते वेगळं, त्याच परवान्याने आणि मूळ लेखकांना श्रेय देऊन ठेवा. मागाहून परवाना बदलणं फार किचकट. विकिपीडियाला २००९ मध्ये तो बदलायचा होता, तेव्हा जुन्या परवान्याचीच नवी आवृत्ती काढावी लागली आणि वर मतदान घ्यावं लागलं.

तुमचे तीन पर्याय. एकटीने लिहायचं हा पर्याय मी सरसकट नाकारत नाही. पहिली आठ-दहा पानं एकटीने लिहाच, कारण पान कसं असतं हे लोकांना उदाहरणाशिवाय कळत नाही, आणि तुमच्या नमुन्यात बहुधा रिकामे रकानेच होते. ती फार घासूनपुसून लिहू नका, जागोजागी 'हे कुणी तपासलं आहे का?' असं सोडून द्या. पण सगळं तुम्हीच लिहिलंत तर नोव्हेंबरात नवी आवृत्ती आल्यावर सगळं तुम्हालाच बदलावं लागेल, आणि गट पुस्तिकेबद्दलचे प्रश्नही तुम्हालाच विचारेल.

पैसे द्यायचे तर लेखनाला देऊ नका. एकदा लिहून घेतलेलं पुढच्या मे महिन्यात पुन्हा पैसे मागेल. जागेचं भाडं, त्या रविवारचं जेवण, बाहेरगावच्या माणसाचं एसटीचं तिकीट, यावर खर्च करा. सेवा पुरवठादाराला मात्र दूर लोटू नका, कारण सर्व्हरच्या कामातला त्यांच्या माणसांचा हात चांगला बसलेला असतो. त्यांना दुसऱ्या ढिगातली पानं तपासायला द्या. श्रेयात माणसाचं नाव येईल, कंपनीची जाहिरात पानात येणार नाही, हे आधीच स्पष्ट करा. त्यावर ते मागे हटले तर हटू द्या.

नाद सोडणं हा तिसरा पर्याय, आणि त्यातही काही वावगं नाही. गट तुम्ही सांभाळता, तेच काम थोडं नाही. पुढच्या रविवारी बारा माणसंही जमली नाहीत तर पुस्तिका बाजूला ठेवा आणि गटाच्या वर्णनात नेहमीच्या दहा प्रश्नांच्या उत्तरांचा दुवा लावून मोकळ्या व्हा.

आयएसबीएनचा प्रश्न विचारणाऱ्या ज्येष्ठांबद्दल तुमचा सूर जरा नाराजीचा वाटला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. महाविद्यालयातल्या माणसाला बढतीच्या फायलीत दाखवायला काहीतरी लागतं. आपण सगळेच मोठ्या मनाने लिहितो अशी अपेक्षा ठेवली की ज्यांना फायलीची चिंता आहे ते गुपचूप बाजूला होतात. आपल्याकडे आयएसबीएन विनामूल्य मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून. तेव्हा वर्षातून एकदा, नोव्हेंबरची आवृत्ती येऊन पानं सुधारून झाली की, त्यांचा संग्रह काढा. प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव. संपादक दरवर्षी वेगळे, आणि ज्याने त्या वर्षी खरंच पानं हाताळली त्यालाच ते पद. पहिल्या वर्षी हे काम या ज्येष्ठांनाच विचारा, पण अट तीच सांगा. ज्यांनी लिहिलं-तपासलं त्यांना काय काय केलं याचं एक साधं पत्रही द्या, ते त्यांच्या फायलीत जाईल.

टॅलीवर काम करणाऱ्या हिशोबनिसांचे, सौर पंप बसवलेल्या शेतकऱ्यांचे, जीएसटीच्या पोर्टलशी झगडणाऱ्या दुकानदारांचे असे गट जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यांनाही हेच सांगेन: आधी प्रश्नांची नावं जमवा, पुस्तकाचा विचार नंतर.

उद्या गटात एक निरोप टाका. जुनी प्रकरणवाटणी रद्द, कुणाकडेही काही बाकी नाही, असं स्पष्ट लिहा. त्याशिवाय ते तीस जण तुमचा निरोप उघडायलाही कचरतील. त्याच निरोपात दिवाळीच्या दंडाचं पान जोडा आणि विचारा, 'हे तुमच्याकडे चालतं का, एकदा करून सांगाल?' बाकी काही मागू नका. व्हॉइस नोटवाल्या सरांना मात्र गटात लिहू नका. त्यांना फोन करा, आणि लेखनिक कोण असावा हे त्यांनाच सुचवू द्या.